उलट्या ओळीतले कोंबडे

दादाराव खोब्रागडे बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा अमेरिकेला आले, तेही शिकागोच्या ऐन थंडीत. लेकीनं, संघमित्रानं, विमानतळावरच त्यांच्या अंगात पिसं भरलेला फुगीर कोट चढवला. काचेत स्वतःला बघून दादाराव म्हणाले, "हे तं रजाईच चालून राहिली." घरी पोचल्या पोचल्या कोट गेला कपाटात आणि बॅगेतून निघाली त्यांची चादर. ती त्यांनी अंगावर घेतली आणि आठवडाभर उतरवली नाही.

चादर कसली, आरोळीच होती ती. सुकलेल्या मिरचीसारखा लाल रंग आणि त्यावर मूठभर आकाराचे काळे कोंबडे, पिवळ्या तुऱ्याचे, छाती काढून रांगेनं चाललेले. तीन रांगांचे कोंबडे उजवीकडे चाललेत आणि चौथ्या रांगेचे डावीकडे. पुन्हा तीन उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. कापड जाड सुती, दुहेरी विणीचं. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या विणकर सोसायटीत दादारावांनी उमेदीची वर्षं घालवली. सोसायटी कधीच बंद पडली, ही चादर उरली.

नात उपासना सोळा वर्षांची. तिनं चादर बघितली आणि तिचे डोळेच मोठे झाले. "आजोबा, धिस इज इन्सेन. मी घालू?"

"घाल ना. पण घालशीन कशी? चादर आहे ते, फराक नाही."

तिनं काळ्या लांब कोटावर चादर तिरकी घेतली, खांद्यावर घड्या पाडल्या, कमरेला आईचा रुंद पट्टा आवळला, पायात जाड बूट घातले. दिसली झकास, पण दादारावांना ते पटेना.

"पट्टा कायले? इकडे ये." त्यांनी पट्टा काढून टाकला. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढं आणलं, दुसरं उजव्या काखेखालून काढलं आणि दोन्हींची गाठ छातीशी, जरा बाजूला मारली. मग मागचा पदर उचलून तिच्या डोक्यावर टोपीसारखा चढवला. "हे आमचं घोंगतं. थंडीत शेतावर जावो तं असंच. वारा आला का डोक्यावर, नाही आला का पाठीवर. अन् दोन्ही हात मोकळे. शाल पांघरून बसणाऱ्याले हात लागत नाही. आपल्याले लागते."

उपासना तश्शीच शाळेत गेली. डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसथांब्यावर तळ्याकडून येणारं वारं माणसाचे कान कापून नेतं, तिथं ती डोक्यावर कोंबडे घेऊन ऐटीत उभी राहिली. संध्याकाळी परतली ती फोन दाखवतच. शाळेतल्या निम्म्या पोरी तिला विचारत होत्या, कुठून घेतली, काय पॅटर्न आहे, स्टोरी काय.

"आजोबा, स्टोरी काय? अँड ही एक लाइन उलटी का आहे?"

दादारावांच्या तोंडून उत्तर सवयीनं निघून गेलं. पंचेचाळीस वर्षं ते हेच उत्तर देत आले होते. "जुनी रीत आहे पोट्टे. माझ्या आज्याच्या आज्यापासून चालत आली. एक ओळ उलटी नसली तं चादरीले नजर लागते."

पोरीनं ते वाक्य जिवाशी धरलं. रात्रीच्या जेवणाआधी ते इंग्रजीत होऊन फोटोखाली चिकटलंसुद्धा. आणि ते निखालस खोटं होतं.

*

खरी गोष्ट दोन माणसांना माहीत होती, दादारावांना आणि त्यांच्या बायकोला.

सन एकोणीसशे ऐंशी. सोसायटीत नुकतंच जॅकार्ड आलं होतं. या मागावर नक्षी माणसाच्या हातात नसते, पुठ्ठ्यांत असते. आधी चौकटींच्या कागदावर चित्र काढायचं, मग एकेका चौकटीप्रमाणं पुठ्ठ्याला भोकं पाडायची, आणि असे शेकडो पुठ्ठे दोरीनं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. माळ फिरते तशी नक्षी उतरते. सत्तावीस वर्षांचा दादाराव हे काम शिकलेला एकटाच गडी. कोंबडा त्यानंच काढला, घरच्या अंगणातला, चालताना मान ताठ करणारा. पुठ्ठेही त्यानंच पाडले.

माळ ओवायच्या दिवशी त्याला दुपारच्या गाडीनं मुलगी बघायला जायचं होतं. घाई, अंगात धुतलेला सदरा, डोक्यात भलतेच विचार. चौथ्या ओळीचा पुठ्ठ्यांचा गठ्ठा त्यानं पालथा ओवला. पुठ्ठा पालथा पडला की डावीकडचं भोक उजवीकडे जातं, झालं. दादाराव मुलगी पसंत करून तिसऱ्या दिवशी परतला तोवर दिवाळीच्या मागणीच्या साठ चादरी विणून झाल्या होत्या, आणि प्रत्येकीवर चौथी ओळ घराकडं पाठ फिरवून चालली होती.

मॅनेजरनं सगळ्यांसमोर चादर त्याच्या तोंडावर फेकली. "हे काय केलं? तुमच्या लोकांना यंत्रावर बसवू नका म्हणून मी आधीच सांगितलं होतं."

'तुमच्या लोकांना.' चूक झाली असती वरच्या जातीतल्या पोराकडून, तर ती त्या पोराची चूक ठरली असती. दादारावची चूक सगळ्या वस्तीची ठरणार होती, आणि उद्या वस्तीतल्या कुणालाच जॅकार्डला हात लावू दिला नसता. दादाराव घाबरला, आणि घाबरून खोटं बोलला. साहेब, ही चूक नाही, आमच्या आज्याच्या आज्याची रीत आहे, एक ओळ उलटीच ठेवतात.

जुनं म्हटलं की साहेबाचा आवाज खाली येतो. या देशात आणि त्या देशात, सगळीकडं हेच. नमुन्यांच्या वहीत मॅनेजरनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पारंपरिक पवनी कोंबडा'. साठच्या साठ खपल्या. सोसायटी बंद पडेपर्यंत अकरा वर्षं दादाराव दर नव्या माळेत तो गठ्ठा मुद्दाम पालथा ओवत राहिला.

आणि आज्याच्या आज्याचं म्हणाल, तर त्यानं जन्मात एक फूल विणलं नव्हतं. पवनीच्या महारवाड्यातले विणकर जाडंभरडं पांढरं कापड विणायचे. राबणाऱ्या माणसांच्या अंगावर जाणारं साधं कापड, कडेला एक रेघ असली तर असली. नक्षीचं काम त्यांच्याकडं कुणी देतच नव्हतं.

*

पुढच्या शनिवारी उपासना डेव्हनवरच्या मिठाईच्या दुकानात गेली, अर्थात कोंबडे पांघरून. तिथं उत्तरा काकू भेटल्या. काकू म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. पन्नास वर्षांपूर्वी या गावात आलेल्या, इथल्या मराठी मंडळाच्या कायमच्या सांस्कृतिक प्रमुख. बाई वाईट नाहीत. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचा बाप तिकडं आजारी पडलेला असो, काकूंचा फोन पहिला. पण कुठलीही जुनी वस्तू दिसली की तिच्यावर राजवाड्याचा शिक्का मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"अगं, किती सुरेख! कुठलं गं हे?"

उपासनानं आज्याच्या आज्याची गोष्ट सांगितली. काकूंनी मनातल्या मनात पिढ्या मोजल्या आणि दोन दिवसांत मंडळाच्या हिवाळी मेळाव्याची पत्रिका सगळ्यांच्या फोनवर आली. 'ऊब आणि वैभव, आपल्या शालींचा वारसा.' खाली उपासनाचा फोटो आणि ओळ: 'पेशवेकालीन राजहंस शाल, सादरकर्ती उपासना.'

संघमित्रा हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, दिवसभर शांतपणे गोळ्या मोजते. त्या संध्याकाळी मात्र तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला.

"काकू, राजहंस कुठे दिसला तुम्हाला? कोंबडा आहे तो! रविवारी आपण खातो ना, तो!"

"अगं, रूप बदलत जातं मोटिफचं. मान बघ की किती डौलदार."

"आणि पेशवे? पेशवाईत आमच्या माणसांची सावली चालत नव्हती काकू, शाल कुठून चालणार? आणि पवनी भोसल्यांच्या मुलखात. पेशव्यांचा संबंधच काय तिथं?"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "बरं, मग भोसलेकालीन लिहिते."

संघमित्रानं फोन सोफ्यावर आपटला. "बघितलंत बाबा? यांना राजा हवाच! आमच्या खापरपणजोबानं विणलं हे मान्य करायला यांची जीभ झडते. तुम्हीच उठा मेळाव्यात. माईक घ्या आणि सांगा, ही नक्षी तीनशे वर्षं आमच्या घराण्याची आहे. कुणाच्या बापाची नाही!"

दादाराव चहात बिस्कीट बुडवून बसले होते. ते तुटून आत पडलं. "जाऊ दे ना मित्रा. हंस तं हंस."

"जाऊ दे? तुम्ही म्हणता जाऊ दे? लहानपणापासून तुम्हीच शिकवलं, बाबासाहेबांची लेकरं आपण, खोटं खपवून घ्यायचं नाही!"

लेक त्यांच्याच खोट्यासाठी सत्याची लढाई लढायला निघाली होती. तीन दिवस ती काकूंशी भांडत होती, मंडळाच्या ग्रुपवर लांबच लांब मजकूर टाकत होती, आणि उपासना आईच्या बाजूनं त्यात बाणांची, आगीची चित्रं जोडत होती. पोरीला भारी अभिमान. वर्गातल्या कुणाचा आजा बोटीतून आला, कुणाचा कुठल्या लढाईत लढला. हिच्याकडं आता तीनशे वर्षांचा कोंबडा होता. दादारावांना तो तिच्याकडून काढून घ्यायचा नव्हता. खोट्याची लाज एकवेळ सोसता आली असती. पण पोरीनं आपल्याकडं बघताना एकदा जरी डोळे बारीक केले असते, तर परतीचं तिकीट उद्याचंच काढावं लागलं असतं.

त्यांनी पवनीला बायकोला फोन लावला.

"मेळावा हाय म्हणते. मित्रा म्हणते बोला. काय बोलू?"

"मले काय विचारता? मले बघाले आले तवा गठ्ठा पालथा ओवला, अन् खोटं बोलताना मले विचारलं होतं काय?" ती खळखळून हसली. "पंचेचाळीस वर्सं झाली. तो मॅनेजर बी मेला. आता कोनाले भेता?"

"नातीले."

यावर ती हसली नाही. "मंग तिलेच सांगा," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

सांगायचं ठरवून दादाराव दोनदा उपासनाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ती अभ्यास करत होती. दुसऱ्यांदा ती चादरीच्या घड्यांचा सराव करत होती आणि इतकी खुशीत होती, की ते "जेवली का?" विचारून परत फिरले.

*

मेळावा भरला एका शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर गुडघाभर बर्फ, आत वड्याचा वास आणि दीडशे माणसं. एका भिंतीशी टेबलं लावून शाली मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढं पांढरं कार्ड. हे प्रदर्शन पुढं महिनाभर गावच्या वाचनालयात राहणार होतं. कोंबड्यांचं कार्ड कोरंच होतं. संघमित्रा आणि काकू यांच्यात तह झाला नव्हता.

एकेक शाल मंचावर आली. पैठणीच्या पदराची शाल आली, कुणाच्या आजेसासूची पश्मिना आली. माणसं हळू टाळ्या वाजवत होती, आणि प्रत्येक शालीमागं कुठला ना कुठला सरदार निघत होता. मंडळातल्या सगळ्यांचेच पूर्वज दरबारात असतील, तर तेव्हा भांडी कोण घासत होतं, देव जाणे.

मग उपासना आली. काळे कपडे, जाड बूट, आणि आजोबांच्या गाठीनं बांधलेली चादर. मध्यावर येऊन तिनं पदर झटक्यात डोक्यावर घेतला, दोन्ही हात मोकळे करून पसरले आणि गर्रकन फिरली. लाल रंग हॉलभर फिरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अरे, हे तर आमच्या गड्याचं घोंगतं!" बायकोनं त्याला कोपर मारलं.

काकूंनी माईक घेतला. "ही आपल्या विदर्भातली, भोसलेकालीन..."

"काकू!" संघमित्रा खुर्चीतून उठलीच.

काकूंनी हात वर केला. "बरं बाई. हिच्याच तोंडून ऐकू. उपासना, सांग तू."

उपासनानं माईक धरला. मराठी तिनं तीन दिवस पाठ केलं होतं. "ही नक्षी माझ्या आजोबांच्या आजोबांच्या आजोबांनी..."

"थांब पोट्टे."

आपण उभे राहिलोय हे दादारावांना सगळ्या माना वळल्यावर कळलं. बसून घेता आलं असतं. पण मंचावरची पोरगी खोटं बोलत होती, तेही त्यांच्यासाठी, आणि ते त्यांच्यानं ऐकवेना.

"माझ्या आज्याच्या आज्यानं काही काढलं नाही. तो पांढरं कापड विणे. साधं. त्याच्यावर एक फूल नव्हतं. आमाले नक्षी देतच नव्हते कोनी." त्यांनी चादरीकडं बोट केलं. "हा कोंबडा म्या काढला. आमच्या अंगणातला. सन ऐंशी. अन् हे जे उलटी ओळ आहे ना, ते रीत-बीत काही नाही. ते चूक आहे. माझी. म्या पुठ्ठे पालथे ओवले. मुलगी बघाले जायचं होतं, घाई होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादारावांनी तिकडं पाहिलं. "हसा. पण मॅनेजर म्हणे, तुमच्या लोकाले यंत्र देऊ नका. चूक एकट्या माझी होती, पण गेली असती सगळ्यांच्या माथी. म्हणून म्या खोटं सांगितलं, जुनं आहे म्हणून. आमाले नवं काढता येते, हे त्याले पटलं नसतं. जुनं म्हटलं, लगेच पटलं. तेच खोटं म्या नातीले सांगितलं. तिचा काही दोष नाही."

ते खाली बसले. उपासनाकडं बघायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी बुटांकडं पाहिलं. लेकीनं घेऊन दिलेले, आत लोकर असलेले बूट.

मंचाच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. मग त्यांच्या बुटांसमोर दुसरे जाड बूट येऊन थांबले.

"आजोबा." आवाज बारीक. "तुम्ही काढले? ऑल ऑफ देम?"

"एकच काढला. बाकीचे मागानं काढले."

"अँड यू जस्ट... मेस्ड अप? अँड देन टोल्ड युअर बॉस इट वॉज एन्शंट?"

"हाव."

उपासनानं तोंडावर हात ठेवला. दादारावांना वाटलं, रडते. पण खांदे हलत होते ते हसण्यानं. ती हसत हसत तिथंच त्यांच्या पायाशी बसली आणि तिला बोलताच येईना. "आजोबा, दॅट इज सो मच बेटर!" ती कशीबशी म्हणाली. "मी काय सगळ्यांना सांगत होते, सम ओल्ड डेड गाय! तुम्ही मला सांगितलंच नाही!"

"तुले राग नाही आला?"

"आला ना! खूप! मी ते मराठी किती पाठ केलं!" आणि पुन्हा हसू.

राग संघमित्राला आला होता. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाबा, मी तीन दिवस त्या बाईशी भांडले. ग्रुपवर. पुराव्यानिशी!"

"चांगली भांडली. हंस नाहीच तो."

"आणि मुलगी बघायला म्हणजे... आईला?"

"नाही तं कोनाले?"

संघमित्रानं ओठ दाबून बघितलं, पण जमलं नाही. हसू फुटलंच. हॉलमध्येही आता टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि मघाचा तो मागचा म्हातारा बायकोला म्हणत होता, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो नेमकं काय म्हणाला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उत्तरा काकू कोरं कार्ड आणि पेन घेऊन आल्या. चेहरा जरा उतरलेला. राजा हातचा गेला होता, भोसलेही गेले होते. पण इतक्या वर्षांत भूल देताना माणसाचं नाव तीनदा विचारून घ्यायची सवय त्यांच्या हाडात होती. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"पूर्ण नाव सांगा, दादाराव."

नुसतं दादाराव. संघमित्राच्या भुवया वर गेल्या. काकूंनी ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच थोड्या ओशाळल्या. "दादारावजी, पूर्ण नाव?"

"दादाराव सखाराम खोब्रागडे. पवनी."

काकूंनी सुंदर अक्षरात लिहिलं. 'नक्षी: दादाराव सखाराम खोब्रागडे, पवनी, १९८०.' पेनाला टोपण लावलं.

"अजून लिहा," दादाराव म्हणाले. "चूक."

"अहो, ते कशाला? छान दिसतंय की."

"उलटी ओळ दिसणारच ना लोकाले? मंग कोनीतरी पुन्हा इचारन, अन् कोनीतरी पुन्हा राजा आणून बसवन. लिहा."

काकूंनी संघमित्राकडं पाहिलं. संघमित्रा भिंतीवरचं घड्याळ बघत होती. टोपण पुन्हा निघालं. 'चूक:' लिहून काकू थांबल्या. "इथं काय लिहू? पुन्हा पूर्ण नाव?"

"पूर्ण लिहा," दादाराव म्हणाले. "जागा आहे."